मोटारीच्या धुराची परीक्षा

मोटारीच्या धुराची परीक्षा म्हटली की पेट्रोलपंपाशेजारचे पी. यू. सी. केंद्र डोळ्यांपुढे येते. वस्तुतः नव्या प्रतिरूपास विक्रीची अनुज्ञा मिळण्यापूर्वी जी परीक्षा होते, तीच मूळ परीक्षा होय. आपल्याकडे ती पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत घेतली जाते.

प्रयोगशाळेत मोटार जागच्या जागी धावते. तिची चाके रुळांवर फिरतात आणि हवेचा व रस्त्याचा जितका विरोध तिला प्रत्यक्षात झाला असता, तितका विरोध रुळांना जोडलेले यंत्र निर्माण करते. चालक पडद्यावरील वेगरेषेबरहुकूम गाडी हाकतो. युरोपातील जुन्या पद्धतीत ही रेषा ११८० सेकंदांची होती. २०१७ पासून ती १८०० सेकंदांची झाली. धूर हवेत मिसळून त्याचा ठराविक अंश पिशव्यांत साठवितात आणि प्रत्येक घटक त्याच्या गुणधर्मावरून मोजतात. कार्बन मोनॉक्साइड अवरक्त किरण शोषून घेतो. हायड्रोकार्बने हायड्रोजनच्या ज्योतीत विद्युत्भारित कण निर्माण करतात. नायट्रिक ऑक्साइडचा ओझोनशी संयोग होताना प्रकाश पडतो. उत्तर प्रतिकिलोमीटर मिलिग्रॅममध्ये येते. भारत स्टेज ६ प्रमाणे डिझेल मोटारीस नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा ८० आहे. स्टेज ४ मध्ये ती २५० होती.

सर्वांस एकच वेगरेषा, म्हणूनच तुलना शक्य होते. परंतु जी रेषा सर्वांस ठाऊक आहे, ती मोटारीसही ओळखता येते, ही यातील खरी अडचण. आधुनिक इंजिनात इंधन किती सोडावे, धूर किती शुद्ध करावा, हे सारे संगणकाची आज्ञावली ठरविते. पश्चिम व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी तीन डिझेल मोटारींवर वाहता येण्याजोगी मापकयंत्रे बसवून त्या रस्त्यावर नेल्या. अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फोक्सवॅगनच्या दोन मोटारी प्रयोगशाळेत मर्यादेत होत्या. रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइडे एकीची १५ ते ३५ पट व दुसरीची ५ ते २० पट भरली. तिसरी, दुसऱ्या कंपनीची, बहुतांशी मर्यादेत राहिली. तेव्हा दोष डिझेलचा नव्हे, हे उघड झाले. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकन पर्यावरण संस्थेने नोटीस काढली. चाकाचे वळण, वेग, इंजिन चालल्याचा अवधी व हवेचा दाब यांवरून आज्ञावली परीक्षा ओळखीत असे, असे तीत नमूद होते.

त्यानंतर रस्त्यावरील परीक्षा युरोपात २०१७ पासून व भारतात एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाली. रहदारी व ऋतुमान दर वेळी भिन्न असल्याने तीत मर्यादेस एका गुणकाने गुणतात. युरोपात तो आरंभी २.१ होता, म्हणजे ८० लिहावयाचे आणि १६८ चालवून घ्यावयाचे! पुढे तो कमी करण्यात आला.

राहिले पी. यू. सी. तेथे पेट्रोल मोटार उभी ठेवून मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने पाहतात. डिझेल मोटारीचा धूर किती प्रकाश अडवितो, एवढेच पाहतात. दाखल्याचे नाव मात्र 'प्रदूषण नियंत्रणात' असे सरसकट आहे. नायट्रोजन ऑक्साइडे तेथे मोजलीच जात नाहीत. त्यामुळे फोक्सवॅगनची ती आज्ञावली या परीक्षेत पकडली जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.