न्यूट्रॉनचा मार खाल्लेलं पोलाद

  पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या.

कोयत्याला पाणी जास्त चढलं तर धार टिकते, पण लाकडातल्या गाठीवर तुकडा उडतो. अशा अणुभट्टीच्या जाड पोलादी पात्राचंही वर्षानुवर्षं असंच होत जातं, तेही लोहाराचा हात न लागता. वेगवान न्यूट्रॉन आदळला की स्फटिकाच्या जाळीतला अणू जागचा उडतो आणि शेजाऱ्यांनाही उडवतो. बहुतेक अणू क्षणार्धात परत बसतात. उरलेल्यांच्या रिकाम्या जागा आणि दाटीवाटी मात्र साचत राहते. पोलादात तांब्याचा अंश असेल तर त्याचे सूक्ष्म पुंजकेही जमतात. धातू कठीण होतो, लवचीकपणा गमावतो, आणि ज्या तापमानाखाली तो ठिसूळ वागतो ते तापमान वर सरकतं. म्हणून त्याच पोलादाचे नमुने पात्रातच ठेवतात, ठरावीक काळाने काढून हातोड्याच्या घावाने तोडून पाहतात.

झिर्कोनियम या धातूची तऱ्हा निराळी. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकांच्या भट्ट्यांत झिर्कोनियम-नायोबियमच्या दाबनळ्या आहेत. अशा नळ्या न्यूट्रॉनच्या माऱ्यात हळूहळू लांबतात, मधे झोलही धरतात.

पोलादी पात्रावर मात्र लोहाराला ठाऊक असलेला, पुन्हा तापवण्याचा उतारा चालतो. रशियन बनावटीच्या काही भट्ट्यांची पात्रं सुमारे ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली गेली आणि ठिसूळपणा बराचसा उतरला.