अपडेट ‘नंतर’ म्हणजे केव्हा?

“अम्मी, हे अपडेटचं रोज येतं. ‘नंतर’ दाबू का?” अकरावीतली मुलगी परवा विचारत होती. आमच्या लॅपटॉपवर उबंटू ही लिनक्सची मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आहे. पैसे पडत नाहीत म्हणून आपण ती घेतो. पण तिची देखभालही करावी लागते, हे विसरतो.

मी हे नुकसान सोसून शिकले. शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारी माझ्याकडे होती. “चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?” म्हणत मी दोन वर्षं अपडेट टाळले. तेवढ्यात त्या आवृत्तीची मुदतच संपली. मग घाईने नवी आवृत्ती बसवताना नववीच्या मुलांनी वर्षभर जमवलेला उर्दू-मराठी शब्दसंग्रह पुसला गेला. दुसरी प्रत मी ठेवलीच नव्हती. मुलं काही बोलली नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पॅच म्हणजे शेवटी ठिगळच. प्रोग्राममध्ये भोक सापडलं की ते बुजवणारा तुकडा. भोक जगजाहीर झालं की चोरालाही कळतं, म्हणून उशीर महागात पडतो. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा मोठा दोष जाहीर झाला, तेव्हा दुरुस्तीही त्याच दिवशी आली होती. ती बसवण्यात ज्यांनी दिरंगाई केली, त्यांचं दार उघडंच राहिलं.

मग सगळ्यात नवं तेच घ्यावं का? तसंही नाही. ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रामची गोष्ट ऐका. तो मुख्यतः लासे कॉलिन हे एकटेच, विनामोबदला सांभाळत होते. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं मदत करून विश्वास कमावला आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याची शंका आली. त्यांनी माग काढला आणि २९ मार्चला सगळ्यांना सावध केलं. डेबियन या लिनक्सच्या चाचणीच्या शाखांत तो प्रोग्राम पोचला होता. स्थिर आवृत्ती मात्र वाचली, कारण तिच्यात जुनी ५.४.१ होती.

‘स्थिर’चा अर्थ इथे कळतो. स्थिर आवृत्तीत नवी वैशिष्ट्यं सहसा घालत नाहीत. फक्त सुरक्षेची दुरुस्ती आणून जुन्याच प्रोग्रामला जोडतात. म्हणजे आवृत्ती जुनी असली, तरी ठिगळ ताजं असतं.

म्हणून घरी एवढं पाळावं. उबंटूची ‘एलटीएस’ म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, २४.०४ ला त्या २०२९ पर्यंत मिळतील. मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवावं. आठवड्यातला एक दिवस अपडेटसाठी ठरवावा. लॅपटॉप चार्जरला लावूनच अपडेट करावं. मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहतं. गाभा, म्हणजे ‘कर्नल’, बदलला असेल तर संगणक पुन्हा सुरू करावा, नाहीतर जुनाच कर्नल चालू राहतो. नव्या कर्नलवर संगणक सुरूच झाला नाही, तर घाबरू नये. सुरुवातीच्या यादीत जुना कर्नल निवडता येतो. कुणी सांगितलं म्हणून अनोळखी ठिकाणचा प्रोग्राम बसवू नये. आणि आवृत्ती बदलण्याआधी मुलांचे फोटो, कागदपत्रं, अभ्यास यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी.

मुलीला म्हटलं, “आधी तुझा प्रकल्प पेनड्राइव्हवर घे, मग अपडेट दाब.” चहा होईपर्यंत अपडेट झालंही होतं. शब्दसंग्रह मात्र यंदाची नववी पुन्हा पहिल्या पानापासून लिहिते आहे. या वेळी प्रती दोन आहेत.