कमी करताना कोण राहतो?

उमरेडसारख्या तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेची पटसंख्या घटून एखादी तुकडी बंद झाली, आणि वार्षिक संचमान्यतेत शिक्षकाचे एक पद गळाले, म्हणजे नेमका कोणता शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरावा, हा प्रश्न संस्थाचालकांच्या मर्जीवर सोपविलेला नसून त्याचे उत्तर खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी केलेल्या महाराष्ट्राच्या 1977 च्या अधिनियमात व त्याखालील 1981 च्या नियमावलीत आहे.

त्या नियमावलीच्या अनुसूची ‘फ’प्रमाणे माध्यमिक शिक्षकांची शैक्षणिक व प्रशिक्षणविषयक अर्हतेनुसार प्रवर्गवार ज्येष्ठतासूची तयार होते, एकाच प्रवर्गात अखंड सेवेची तारीख निर्णायक मानतात, आणि तारीखही सारखी असेल तर वयाने वडील असलेला ज्येष्ठ समजला जातो. नियम 26 अन्वये कायम कर्मचाऱ्यास कमी करण्यापूर्वी तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी घ्यावी लागते, आणि सामान्यतः सेवाज्येष्ठतेचेच तत्त्व पाळून कनिष्ठास आधी कमी करावे लागते.

याच न्यायाने 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील कलम 25-ग, खाणीकारखान्यांतील कामगारांच्या बाबतीत, ‘शेवटी आलेला प्रथम जावा’ असे सांगत असे. मात्र तेथेही कारणे नमूद करून अपवाद करण्याची मुभा होती.

म्हणून ज्येष्ठतासूची प्रसिद्ध होताच आपल्या नेमणुकीची तारीख, अर्हता व जन्मतारीख दफ्तरात बिनचूक नोंदली आहे की नाही हे पाहून चूक असल्यास वेळीच लेखी हरकत घेणे, हीच कर्मचाऱ्याची खरी सावधगिरी होय.