अडीच गुंठ्यांचं छप्पर

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो, आदिलाबाद मागे टाकतो आणि निर्मलच्या आधी नेरडीगोंड्यावरून जातो. प्रवासी इथं वळतात ते कुंतालाचा धबधबा पाहायला. कडेम नदी तिथं सुमारे ४५ मीटर खाली कोसळते. श्रावणात पाण्याच्या आवाजापुढे माणसाचा शब्द ऐकू येत नाही. वैशाखात मात्र याच मुलखात भाजीच्या वाफ्याला घागरभर पाणी घालायचं तरी विचार पडतो. आदिलाबाद जिल्ह्याचं मुख्य पीक कापूस. पांढरं सोनं विकायचं आणि कोथिंबिरीची जुडी बाजारातून विकत आणायची, हे कापसाच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांचं वास्तव आहे. अशा घराला स्वतःचा भाजीचा तुकडा आणि त्यावर एक लहान हरितगृह परवडेल का? माझ्या मते परवडेल, पण ते इथल्या उन्हापावसाच्या हिशेबानं उभं केलं तरच.

भाजीचा तुकडा आणि हरितगृह, दोन्ही कल्पना थंड देशांत वाढल्या. इंग्लंडमध्ये कामगारांना भाजीपुरती जमीन भाड्यानं देण्याची पद्धत १९०८ च्या कायद्यानं पक्की झाली. तिथला ठरलेला तुकडा १० रॉडचा. पुढे १९२२ च्या कायद्यानं कुटुंबाच्या खाण्यापुरत्या भाजीच्या जमिनीची कमाल मर्यादा ४० रॉड धरली. एकरात १६० रॉड आणि आपले ४० गुंठे, म्हणजे तो १० रॉडचा तुकडा बरोबर अडीच गुंठ्यांचा आणि ती मर्यादा बरोबर दहा गुंठ्यांची.

दहा गुंठे म्हटलं की मराठी वाचकाला श्री. अ. दाभोळकर आठवतील. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारा हा माणूस प्रयोग परिवाराच्या रूपानं शेतकऱ्यांमध्ये मिसळला आणि कुटुंबाचा निर्वाह दहा गुंठ्यांवर होऊ शकतो, ही मांडणी त्यांनी आयुष्यभर केली. ब्रिटिश कायदेमंडळ आणि कोल्हापूरचा गणिती वेगवेगळ्या वाटांनी एकाच मापावर पोहोचले, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसतं. एक कुटुंब स्वतःच्या हातांनी रोज निगराणी करू शकेल, अशी जमीन साधारण एवढीच असते. नेरडीगोंड्यातही जमीन एकर-गुंठ्यांतच मोजतात. निजामाच्या काळी हा मुलूख मराठवाड्याबरोबर एकाच राज्यात होता. किनवट आणि राजुरा हे इथलेच तालुके १९५६ मध्ये इथून वेगळे झाले.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात जमिनीचा प्रश्न रक्त सांडून सोडवावा लागला आहे. जमिनीसाठी लढणारा गोंड नेता कोमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना इथं पाठवलं, आणि त्यांच्या आग्रहामुळे त्याच दशकात हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. इथल्या राजगोंड आदिवासींची शेती त्यांनी बारकाईनं नोंदवली. हलक्या जमिनीवर खरीप, काळ्या भारी जमिनीत रब्बीची ज्वारी, अशी ती वाटणी होती. हे शहाणपण हरितगृह बांधणाऱ्यालाही उपयोगी पडतं, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि खांबाचा पाया हलवते. आतल्या गादीवाफ्यातही ती पाणी धरून ठेवते आणि मुळं गुदमरतात. म्हणून पॉलिहाऊसवाले बाहेरून लाल माती आणून शेणखत आणि भाताचं तूस मिसळतात. जवळच्या टेकडीची हलकी जमीन हाताशी असेल, तर मातीचा हा खर्च बराच वाचतो.

आता उन्हाचं बोलू. युरोपात हरितगृह ऊब धरून ठेवण्यासाठी बांधतात. आदिलाबादला डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा ती ऊब रोपांना हवीच असते. पण मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि बंद प्लास्टिकच्या कागदाखाली रोपं अक्षरशः शिजतात. दाभोळकरांचं सगळं गणित पानावर पडणाऱ्या उन्हावर उभं होतं. ऊन हेच शेतकऱ्याचं भांडवल, असं ते मानत. ते खरंच आहे, पण सगळी पानं सारखं ऊन पचवत नाहीत. ज्वारी-मका भर दुपारचं ऊनही कामाला लावतात. टोमॅटो, मिरची, मेथी यांचं पोट त्याच्या निम्म्यातच भरतं; वरचं ऊन फक्त पान तापवतं. मग पान आपली रंध्रं मिटून घेतं आणि वाढ थांबते. म्हणून उन्हाळ्यात ३५ ते ५० टक्के सावलीची जाळी पुरे. ७५ टक्क्यांची घेतली तर रोपं लांबुडकी आणि फिकट होतात. शिवाय रात्री तापलेल्या राहिल्या की टोमॅटोचं फूल गळतं, त्यावर जाळीचा इलाज चालत नाही. मे महिन्यात टोमॅटोचा हट्ट सोडावा आणि कोथिंबीर, मेथी, पालक घ्यावा. बाजारात तेव्हाच त्यांना भाव असतो.

बाजूची जाळी कीड अडवण्यासाठी. कापसाच्या गावात तिचं मोल मोठं आहे, कारण कापसावरची पांढरी माशी टोमॅटोवर येते आणि पानं गुंडाळणारा विषाणू सोबत आणते. साधारण ४० मेशची जाळी तिला बऱ्याच प्रमाणात रोखते. त्याहून बारीक जाळीनं वारा अडतो आणि आतली उष्णता वाढते. जाळीनं मधमाशीही बाहेर राहते, हे मात्र पुष्कळदा विसरलं जातं. दोडका, कारलं, भोपळा यांना मधमाशी हवी, तेव्हा त्यांचे वेल बाहेर कुंपणावर चढवावेत. टोमॅटोला झाड हलवलं तरी भागतं.

आपल्या धोरणांचं लक्ष मात्र मोठ्या बांधकामावर राहिलं. फलोत्पादन अभियानाच्या २०१४-१५ च्या निकषांत लाभार्थीमागे ४००० चौरस मीटरपर्यंत अनुदान होतं, म्हणजे जवळपास एक एकर. तेलंगणानं तर पॉलिहाऊसला ७५ टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींना ९५ टक्के अनुदान दिलं. हेतू चांगला होता, पण एकरभर पॉलिहाऊस म्हणजे कारखानाच. त्याला मजूर, फवारणी, शहराची बाजारपेठ सगळं रोज लागतं, आणि काही हंगामांत सूत्रकृमी मातीत घर करतात. कापूसवाल्या घराच्या हिशेबात बसणारं माप लहानच. हैदराबादच्या ‘खेती’ या संस्थेनं अशाच लहान, स्वस्त हरितगृहाचं काम केलं आहे. वर उष्णता कमी करणारी जाळी, बाजूला कीटकजाळी आणि ठिबक, एवढंच त्याचं अंग. २०२२ मध्ये या कामाला अर्थशॉट पुरस्कार मिळाला.

अडीच गुंठ्यांच्या हरितगृहाला मी एक गोष्ट आवर्जून जोडेन. पावसाळ्यात वर कागद, उन्हाळ्यात जाळी. कागदामुळे मुसळधार पावसात रोपं वाचतात, आणि छपरावरचं पाणी शेततळ्यात गोळा करता येतं. अडीच गुंठे म्हणजे २५३ चौरस मीटर. या भागात वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो. गळती-सांडणी वजा करून त्यातलं ८० टक्के पाणी धरलं, तरी दोन लाख लिटर होतं. ठिबकवर उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार लिटर लागले, तर दिवसाला हजार लिटर. म्हणजे हे पाणी दोनशे दिवसांचं. बाष्पीभवनानं त्यातलं काही जाईल, म्हणून शेततळं झाकलेलं हवं. दोन लाख लिटरसाठी दोन मीटर खोल आणि दहा बाय दहा मीटर जागा लागते. उतरत्या काठांसह दीड गुंठा धरू. त्यालाही कागद लागतो, आणि तो उंदीर-घुशींपासून सांभाळावा लागतो.

दहा गुंठ्यांतून अडीच हरितगृहाचे आणि दीड तळ्याचा वजा केले की सहा उरतात. तिथं तूर, अंबाडी, चवळी, बांधावर शेवगा, कुंपणावर वाल. रब्बीत एखादा वाफा ज्वारीचाही.