नाव, अट आणि कंपायलर



एकच प्रोग्राम विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमवर चालावा, ही अपेक्षा रास्त आहे; परंतु तिन्हींचे व्यवहार सारखे नसतात. सी भाषेत प्रोग्राम एक सेकंद थांबवायचा झाल्यास विंडोजवरील ‘स्लीप’ या फंक्शनला १००० हा आकडा द्यावा लागतो, कारण तेथील मोजणी मिलिसेकंदांत होते. लिनक्सवरील फंक्शनचे नावही ‘स्लीप’च, केवळ आद्याक्षर लहान लिपीतले, मात्र त्याची मोजणी सेकंदांत होते. त्याला १००० दिले तर प्रोग्राम सोळा मिनिटांहून अधिक काळ स्वस्थ बसेल.

यावरील उपाय म्हणजे सशर्त संकलन. दोन्ही ओळी एकाच फाइलीत लिहावयाच्या आणि प्रत्येकीवर ‘विंडोज असल्यास’, ‘लिनक्स असल्यास’ अशी अट घालावयाची. अट खरी न ठरलेला भाग कंपायलर भाषांतरापूर्वीच वगळतो. हा निवाडा सर्वस्वी एका नावावर होतो. म्हणून ते नाव कसे असावे, याचा विचार मी येथे करीत आहे.

पहिली अडचण टकरीची. जुने कंपायलर ‘युनिक्स’, ‘लिनक्स’ अशी उघडी नावे आपणहून ठरवून ठेवीत. प्रोग्रामकाराने स्वतःच्या चलाला ‘लिनक्स’ नाव दिले की त्याच्या जागी १ हा आकडा येऊन बसे. १९८९ च्या अन्सी प्रमाणकाने आरंभी दोन अधोरेखा, किंवा एक अधोरेखा व मोठे अक्षर, असलेली नावे कंपायलरसाठी राखून ठेवली. तेव्हापासून सुरक्षित नाव ते मागेपुढे दोन-दोन अधोरेखा असलेले ‘लिनक्स’ होय.

दुसरी अडचण व्याप्तीची. संस्थानी काळात देवास या एकाच नगरात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदत होती; नुसते ‘देवास’ म्हटल्याने कोणते, याचा उलगडा होत नसे. आज धार जिल्ह्यात असलेले आपले सरदारपूरही तेव्हा ग्वाल्हेर संस्थानच्या अमझेरा जिल्ह्यात होते. नावाची सीमा व्याख्येने ठरते, अंदाजाने नव्हे. ‘विन ३२’ हे नाव ६४ बिटांच्या विंडोजवरही खरे ठरते. ‘लिनक्स’ हे नाव गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे आहे. म्हणून सी-डॅकने डेबियनच्या आधारे घडवलेल्या ‘बॉस’वर ते खरे ठरते, तसेच अँड्रॉइडवरही ठरते. अँड्रॉइड वेगळे काढावयाचे तर त्याची स्वतंत्र अट आधी तपासावी लागते.

तिसरी अडचण नामांतराची. २०१६ मध्ये अॅपलने ‘ओएस एक्स’चे नाव ‘मॅकओएस’ केले. स्विफ्ट भाषेने अटीत नवे नाव घेतले; तथापि जुनेही मान्य ठेवले, अन्यथा पूर्वीचे असंख्य प्रोग्राम निकामी झाले असते. २००३ मध्ये महूचे डॉ. आंबेडकर नगर झाले, तरी जुन्या पत्त्याची पत्रे परत धाडून चालत नाही, तसेच हे.

चौथी अडचण सर्वांत घातक. सी भाषेत ‘हे नाव ठरवलेले आहे काय’ अशी अट असता नावात एक अक्षर चुकले, तर कंपायलर तक्रार करीत नाही. तो अट खोटी मानून पुढे जातो. आवश्यक ओळी मुकाट्याने गळतात. म्हणून नव्या भाषांनी नावांची यादी बांधून घेतली आहे. अनोळखी नाव दिसताच स्विफ्ट सावध करते. रस्ट भाषेतही १.८० या २०२४ च्या आवृत्तीपासून तिचे कार्गो हे साधन अशी तपासणी आपोआप करविते.

या सर्वांतून एक विवेक हाती येतो. आपला प्रश्न खरोखर सिस्टिमच्या नावाचा आहे की तिच्या अंगच्या सोयीचा, हे आधी ठरवावे. सोयीचा असेल तर सोयच विचारावी: अमुक हेडर फाइल उपलब्ध आहे काय, अशी थेट पृच्छा सी++ मध्ये २०१७ च्या प्रमाणकापासून करता येते. नावाचाच प्रश्न असेल तर त्याची व्याख्या वाचून मगच ते वापरावे. आणि शेवटी, एकही अट खरी न ठरल्यास कंपायलरने थांबून तसे स्पष्ट सांगावे, अशी एक ओळ अवश्य लिहावी. त्या एका ओळीने पुढे येणाऱ्या अनोळखी सिस्टिमवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे कित्येक दिवस वाचतील.