गाळा घेताना दलाली आधी ठरवा

कापडाच्या धंद्यात दलालाशिवाय पान हलत नाही. भिवंडीचे ग्रे कापड असो की मालेगावची साडी, माल आणि गिऱ्हाईक यांची गाठ बहुतेक वेळा दलालच घालून देतो. त्याचा टक्का ठरलेला असतो, तो कोणी द्यायचा हेही ठरलेले असते आणि पार्टीचे पैसे अडकले तर व्यापारी आधी दलालाचेच दार ठोठावतो. असे व्यवहार रोज करणारे आपले व्यापारी बांधव गाळा, दुकान किंवा घर घ्यायला निघाले की मात्र दलालीबद्दल तोंड उघडत नाहीत. "आधी सौदा तर होऊ द्या, मग बघू" असे म्हणतात. बयाना देऊन झाल्यावर दर ठरवायला बसलात तर तुमच्या हातात काही उरत नाही. आता हा माणूस मागे फिरणार नाही, हे एजंटाला पक्के ठाऊक असते.

दोन टक्के दलाली हा कायदाच आहे, असे काही एजंट सांगतात. तो कायदा नाही, रिवाज आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात एजंटाच्या नोंदणीची सक्ती आहे, दलालीचा दर मात्र कोठेही ठरवलेला नाही. नोंदणीची सक्तीही बिल्डरच्या रेरा-नोंदणी असलेल्या प्रकल्पातील विक्रीपुरती आहे. जुना गाळा विकणारा किंवा दुकान भाड्याने देणारा एजंट बहुधा तिच्या बाहेर राहतो. नव्या इमारतीत गाळा घेत असाल तर एजंटाचा महारेरा क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तपासा. जुन्या मालमत्तेत त्याची बाजारातील पत हीच त्याची नोंदणी. त्याने ज्यांना गाळे दिले अशा दोघा-तिघांना विचारून घ्यावे.

आता हिशोब पाहू. समजा गाळ्याची किंमत ४० लाख आहे. दोन टक्क्यांनी तुमची दलाली ८० हजार होते. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे १४ हजार ४०० रुपये आणखी. (नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावताच येत नाही, तेव्हा आधी नंबर मागा.) दर एक टक्क्याने खाली आला तर ४० हजार वाचतात. मीटरमागे पन्नास पैशांसाठी तासभर घासाघीस करणारे आपण लोक. हे ४० हजार म्हणजे ८० हजार मीटर कापडावरचे पन्नास पैसे आहेत.

दर कमी करून मागण्यात लाज बाळगू नये, पण कारण देऊन मागावे. सर्वांत वजनदार कारण म्हणजे दोन्ही बाजूंची दलाली. एकच एजंट तुमच्याकडून दोन टक्के आणि विकणाऱ्याकडून दोन टक्के घेत असेल तर एका सौद्यात त्याला १ लाख ६० हजार मिळतात. मग तो भाव पाडण्यासाठी कोणाच्या बाजूने बोलणार? त्याला सरळ विचारा, समोरून किती घेता? समोरून पुरते मिळत असेल तर एक टक्क्यावर यायला तो सहसा तयार होतो. हनफी फिकहमध्येही याचा विचार झालेला आहे. दलालाने मालकाच्या वतीने स्वतःच सौदा केला तर मेहनताना विकणाऱ्याकडून. तो फक्त दोघांमध्ये मध्यस्थी करत असेल तर त्या ठिकाणच्या रिवाजाप्रमाणे. म्हणजे दोन्हीकडून घेणे मुळातच वाईट नाही, पण ते दोघांनाही माहीत असले पाहिजे.

याहून घातक प्रकार 'वरचे तुमचे' हा. मालक एजंटाला सांगतो, माझ्या हातात ३८ लाख पडू द्या, वरचे तुम्ही ठेवा. एजंट तुम्हाला ४२ सांगतो, तुम्ही ४० वर आणता आणि खूश होता. वर तुमच्याकडून दलाली वेगळी. सहीह बुखारीत दलालाच्या मेहनतान्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. इब्न सीरीन, अता, इब्राहीम आणि हसन यांना दलाली घेण्यात काही गैर वाटले नाही, अशी तेथे नोंद आहे. अमुक रकमेच्या वर येईल ते तुझे, असे सांगून कापड विकायला देण्यास हजरत इब्न अब्बास (रजि.) यांनी मुभा दिल्याचेही तेथे आहे. पण मेहनताना किती ते आधी ठाऊक असावे, या कारणाने बहुतेक फकीहांनी ही पद्धत मान्य केलेली नाही. आणि मुभा मानली तरी ती मालक व दलाल यांच्यातली आहे. खरेदीदाराकडून 'मी तुमचाच माणूस' म्हणून दलाली घ्यायची आणि त्याच्याच भावात दोन लाख चढवायचे, हे त्या मुभेत कसे बसवणार? यावर उपाय एकच, भाव पक्का होण्यापूर्वी मालकाची समोरासमोर भेट. ती टाळणाऱ्या एजंटाकडून गाळा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदाही येथे आपल्या बाजूला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २१९ प्रमाणे वेगळा करार नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मेहनताना देय होत नाही. कलम २२० प्रमाणे कामात गैरवर्तन करणाऱ्याला त्या कामापुरती दलाली मागता येत नाही. एजंटाने स्वतःचाच गाळा तुम्हाला न सांगता गळ्यात मारला आणि महत्त्वाची बाब दडवली, किंवा त्या सौद्यात तुमचे नुकसान झाले, तर कलम २१५ खाली तुम्ही तो सौदा नाकारू शकता.

पण 'वेगळा करार नसेल तर' हे शब्द लक्षात ठेवा. गाळा दाखवण्यापूर्वी काही एजंट एका छापील फॉर्मवर सही घेतात. पाहणीची नोंद, असे म्हणतात. त्यात खाली दोन टक्के छापलेले असतात आणि पुढे कधीही हा गाळा घेतला तरी दलाली द्यावी लागेल, अशी ओळ असते. फॉर्म इंग्रजीत असेल तर मुलाकडून वाचून घ्या. दर खोडून ठरलेला लिहा आणि मुदत घाला, समजा तीन महिने. एकच गाळा दोन एजंटांनी दाखवला तर दोघेही दलाली मागायला येतात. त्या वेळी कोणी कधी दाखवला याची तारीख तुमच्या वहीत असली पाहिजे.

पैसे टप्प्याने द्यावेत. अर्धी दलाली साठेखत नोंदल्यावर आणि अर्धी ताबा मिळाल्यावर, हे मला रास्त वाटते. कारण खरी कामे मधल्या काळातच असतात: सोसायटीचा दाखला, मालमत्ता कराची थकबाकी, गाळ्यावर बँकेचा बोजा आहे का, आणि यंत्रमाग टाकणार असाल तर वीज. मंजूर भार किती, जुन्या मालकाचे बिल थकले आहे का, हे ताब्यानंतर कळले तर माग उभे राहतात आणि एजंट फोन उचलत नाही. बयान्याचा चेक मालकाच्या नावानेच काढावा, एजंटाच्या नावाने कधीही नाही.

भाड्याच्या दुकानात साधारण एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून मागतात. तेथे दोन गोष्टी आधी बोलून घ्या. अकरा महिन्यांनी करार वाढवताना पुन्हा दलाली द्यायची नाही, ही पहिली. दुसरी, मुद्रांक व नोंदणीचा खर्च दलालीत मिसळायचा नाही, त्याची सरकारी पावती वेगळी घ्यायची. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, तेव्हा तो सगळा खर्च निमूटपणे आपण उचलण्याचे कारण नाही. पागडीच्या दुकानात टक्का पूर्ण रकमेवर धरायचा की घरमालकाचा हिस्सा वजा करून, हेही त्याच बैठकीत ठरवा.

दलाली रोख द्यावी लागली तरी पावती घ्या. पावतीवर गाळ्याचा नंबर, एकूण ठरलेली दलाली, आज दिलेली रक्कम आणि बाकी, हे चारही लिहिलेले असावे.