गाव बदलताना: भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

आसगावातून बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की सल्ले देणारे घरी चालत येतात. पवनी तालुक्यातला हा चौरास भाग धानाचा. शेती सोडवत नाही, पण मुलगी दहावीला आली किंवा घरात कुणाला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागायला लागलं की विषय निघतोच: पवनीला राहायचं, भंडाऱ्याला जायचं, नदीपलीकडे ब्रह्मपुरीला, की सरळ नागपूर गाठायचं? मग कुणी म्हणतं रेशन बंद होईल, कुणी म्हणतं जातीचा दाखला अडेल, कुणी म्हणतं गाडीचं पासिंग नव्यानं करावं लागेल. यातल्या बहुतेक भीतींत दम नाही. खरे धोके भलतीकडेच असतात आणि पारावर त्यांची चर्चा होत नाही.

रेशनपासूनच सुरुवात करू. गाव सोडलं की कार्ड रद्द करून नवं काढावं लागतं, तोवर धान्य बुडतं, हा समज अजून पक्का आहे. अन्न सुरक्षा कायद्यातलं धान्य आता आधारला जोडलेल्या कार्डावर, अंगठा देऊन, दुसऱ्या गावातल्या दुकानातूनही उचलता येतं. 'एक देश एक रेशनकार्ड' म्हणतात ते हेच. घरातली अर्धी माणसं आसगावात आणि अर्धी नागपुरात असली, तरी एकाच कार्डावरचं धान्य दोन ठिकाणी वाटून घेता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, हे प्रमाण जागा बदलल्यानं बदलत नाही. गाडीचंही तेच. भंडारा पासिंगची, एमएच ३६ ची गाडी नागपुरात किंवा पुण्यात राहायला आली म्हणून तिला नवा नंबर लागत नाही. फक्त आरटीओकडे पत्ता बदलून घ्यायचा, तोही ३० दिवसांत. राज्याबाहेर रायपूर-दुर्गकडे वर्षभराहून जास्त गाडी ठेवणार असाल तर मात्र तिथला नंबर घ्यावा लागतो. मतदार यादीसाठी ८ नंबरचा फॉर्म आहे. 'गावचं मत गावात राहू द्या, शहरात वेगळं काढू' हा सल्ला कितीही आपुलकीनं दिलेला असो, ऐकू नका. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याची मनाई आहे.

जातीच्या दाखल्याबद्दलची भीती मात्र अर्धी खरी आहे, म्हणून तिच्याजवळ जरा थांबायला हवं. नागपुरात दहा वर्षं राहिलो, आता दाखला तिथूनच मिळेल, असं पुष्कळांना वाटतं. महाराष्ट्रात दाखला देताना तुम्ही आज कुठे राहता हे बघत नाहीत. तुमचे वडील-आजोबा ठरावीक तारखेला कुठे राहत होते ते बघतात. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा तेव्हा आसगावात असतील, तर नातवाचा दाखला इकडच्याच उपविभागीय अधिकाऱ्याकडून निघणार, नातू पुण्यात जन्मलेला असला तरी. राज्यातल्या राज्यात गेल्यानं सवलत जात नाही, फक्त कागदासाठी मुळापाशी यावं लागतं. राज्य ओलांडलं की गोष्ट वेगळी. छत्तीसगड किंवा मध्य प्रदेशात स्थायिक झालेल्या कुटुंबाला तिथल्या राज्य सरकारच्या आरक्षणात महाराष्ट्राचा दाखला चालत नाही, जातीचं नाव दोन्ही याद्यांत असलं तरीही. तेव्हा आजोबांच्या शाळेचा दाखला आणि जुना बंदोबस्ताचा उतारा यांच्या नकला गावातून निघण्याआधीच घ्या. तलाठी कार्यालयात आणि शाळेच्या जुन्या रजिस्टरात शोधायला आसगावात असताना एक दिवस पुरतो. नागपुरातून दर वेळी सुट्टी काढून यावं लागतं.

आता शाळा. लोक गाव बदलतात ते मुख्यतः हिच्यासाठी, आणि सगळ्यात महागातल्या चुकाही इथेच होतात.

टीसी मिळाली नाही तर प्रवेश नाही, ही भीती आठवीपर्यंत तरी निराधार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या ५ व्या कलमानुसार सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागणं हा मुलाचा हक्कच आहे, आणि टीसीला उशीर झाला म्हणून ती शाळा प्रवेश अडवू शकत नाही. पण ज्याची भीती वाटायला हवी ती गोष्ट कुणी सांगत नाही. नवोदय विद्यालयात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. 'ग्रामीण' ठरायला मुलानं तिसरी, चौथी आणि पाचवी, तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेली असावी लागतात. शिवाय पाचवीला मूल ज्या जिल्ह्यात शिकतं त्याच जिल्ह्याच्या नवोदयला त्याला बसता येतं. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत हुशार निघालेलं मूल चौथीत 'चांगल्या शिक्षणासाठी' म्हणून नागपूरच्या कॉन्व्हेंटात टाकलं, की ते ग्रामीण जागांच्या रांगेतून बाहेर पडतं. आईवडिलांनी पैसे मोजून मुलाची संधी घालवलेली असते. मूल तिसरी ते पाचवीत असेल आणि नवोदय डोक्यात असेल, तर बिऱ्हाड हलवायला त्याची पाचवी पूर्ण होईपर्यंत थांबा. थांबवत नसेल, तर जिल्ह्यातलंच दुसरं मोठं खेडं बघा.

मोठ्या मुलांच्या बाबतीत दोन समज आहेत, एक शिळा आणि एक घातक. शिळा असा: विदर्भ सोडला तर मेडिकलच्या विदर्भाच्या जागा हुकतील. ती ७०:३० ची विभागवार वाटणी राज्यानं २०२० मध्येच रद्द केली. पवनीत बारावी करा की लातुरात, राज्याची गुणवत्ता यादी एकच. घातक समज असा की अकरावीला कोटा किंवा हैदराबाद गाठलं की डॉक्टरकी पक्की. एमबीबीएसच्या राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी साधारण नियम असा आहे की अधिवास महाराष्ट्राचा हवा आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण हवी. बारावी राजस्थानातल्या शाळेतून झाली की अधिवासाचा दाखला खिशात असूनही त्या रांगेत उभं राहता येत नाही. सरकारी नोकरांच्या बदल्यांसारखे काही अपवाद आहेत, पण धानावर घर चालवणारं कुटुंब त्या अपवादांत बसत नाही.

शाळा ठरली की घर. 'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही' हे वाक्य नागपुरातला प्रत्येक दलाल सांगतो, आणि महाराष्ट्रापुरतं ते साफ चूक आहे. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्यानं टाळली तर त्याला शिक्षा होऊ शकते, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. नोंदणी फी शहरात १००० रुपये, ग्रामीण भागात ५००. मुद्रांक शुल्क वेगळं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद स्वस्त दिसतो खरा. पण खासगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागांसाठी अर्ज करायला जाल तेव्हा भाडेकरूच्या पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच मागतात. तिथे हजार रुपये वाचवल्याचं वाईट वाटतं.

प्लॉट घ्यायचा असेल तर धोका आणखी मोठा. पवनीकडचा माणूस नागपुरात शिरतो तो उमरेड रोडनं, त्यामुळे दिघोरीच्या पुढचे ले-आउट त्याला आपल्याच वाटेवरचे वाटतात. 'एनए आहे, रजिस्ट्री होते, म्हणजे पक्कं' असं तिथे ऐकायला मिळेल. रजिस्ट्री म्हणजे मंजुरी नव्हे. व्यवहाराचा दस्त नोंदला गेला, एवढाच तिचा अर्थ. ले-आउटचा नकाशा नागपूर सुधार प्रन्यास किंवा महानगर प्राधिकरणाकडून मंजूर आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. आणि ५०० चौरस मीटरहून मोठ्या आणि आठांहून जास्त प्लॉटच्या नव्या प्रकल्पाला महारेराचा नंबर लागतो. तो नंबर मोबाइलवर तपासता येतो. नंबर विचारल्यावर समोरचा विषय बदलत असेल, तर चहा संपवून उठा.

भंडाऱ्यात किंवा पवनीत जागा बघताना आणखी एक गोष्ट विचारायची: पूररेषा. 'इथे कधी पाणी आलं नाही' असं सांगणारा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही, पण त्याची आठवण पुरेशी नसते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला तेव्हा पाणी मुख्यतः वरून, मध्य प्रदेशातल्या पावसाचं आणि तिथल्या संजय सरोवरातून सोडलेलं होतं. गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले होते, तरी भंडारा शहरातल्या वस्त्या बुडाल्या आणि पवनी-लाखांदूर ते ब्रह्मपुरीपर्यंतची गावं पाण्यात गेली. जलसंपदा विभागाच्या नकाशावर दोन रेषा असतात: निळी, साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन रेषांच्या मधला प्लॉट स्वस्त मिळतो. तो का स्वस्त आहे हे पावसाळ्यात कळण्याऐवजी आधी नगरपालिकेत विचारलेलं बरं.

या तालुक्याला गाव बदलण्याचा धडा खरं तर गोसीखुर्दनंच दिला. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं, २००९ मध्ये प्रकल्प राष्ट्रीय झाला आणि या काळात गावंच्या गावं उठून नव्या गावठाणात गेली. पुनर्वसनात अठरा नागरी सुविधा द्यायच्या असतात: रस्ते, शाळा, पिण्याचं पाणी, स्मशानभूमी, अशी ती यादी. यादी वाईट नाही. पण मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबाचं पाण्यापासूनचं अंतर तिच्यात नाही, काठच्या वाळूत टरबूज-डांगर लावणाऱ्याची वाडीही नाही. आपल्या मर्जीनं जाणारेही नेमकी हीच चूक करतात. नळ, शाळा, दवाखाना मोजतात आणि कमावणाऱ्याचं रोजचं येणं-जाणं मोजत नाहीत. भंडाऱ्याला 'रेल्वे आहे' म्हणून घर घेणाऱ्यानं आधी बघावं की भंडारा रोड स्टेशन शहरात नाही, वरठीला आहे. पवनी रोड स्टेशनवरून जाणारी नागपूर-नागभीड छोटी लाइन तर रुंदीकरणासाठी २०१९ च्या अखेरीस बंद झाली. तिच्या भरवशावर आखलेली गणितं तेव्हाच मोडली.

दवाखान्यासाठी नागपूरलाच राहायला हवं, हेही प्रत्येक घराला लागू नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत जिल्ह्याचं बंधन नाही. योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात उपचार घेता येतात आणि डायलिसिस त्यात बसतं. ब्रह्मपुरी जिल्ह्याबाहेर असली तरी चौरासातल्या लोकांची दवाखान्याची वाट जुनीच आहे. भंडाऱ्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं. कर्करोग किंवा हृदयाचं मोठं दुखणं असेल तर नागपूर खरंच हवं. गुडघे आणि बीपीसाठी नको.

राहिली शेती. गाव सोडलं म्हणून कुणी 'शेतकरी' राहत नाही असं होत नाही; सातबारा नावावर आहे तोवर पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये पत्ता बदलल्यानं बंद पडत नाहीत. धोका आहे तो सगळी जमीन विकण्यात. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कुळवहिवाट कायदा आहे, आणि त्याच्या ८९ व्या कलमानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. नागपुरातल्या फ्लॅटसाठी शेवटचा एकर विकला, तर दहा वर्षांनी गावात परत जमीन घ्यायला जाताना तुमच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा मागतील. माझं मत विचाराल तर अर्धा एकर का होईना, ठेवा. आणि जमीन ठेक्यानं देणार असाल तर ई-पीक पाहणी कोण करणार हे आधीच ठरवा. फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, आणि सातबाऱ्यावर धान चढलं नाही तर आधारभूत केंद्रावर विक्री अडते.

गाव तुटेल ही शेवटची भीती. दिवाळीनंतरच्या मंडईच्या उत्सवाला एकदा बघा, नागपूर-पुण्याच्या नंबरप्लेटा किती असतात ते. दंडारीच्या खेळाला पोरं येतात, रात्रीच्या नाटकालाही थांबतात, आणि इकडची झाडीबोली त्यांच्या तोंडून चार तासांत परत सुरू होते.

निघायचं पक्कं असेल तर उन्हाळ्यात निघा, आणि एक फरक लक्षात ठेवा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, पुण्या-मुंबईच्या बाजूला मात्र जूनच्या मध्यालाच घंटा होते.